होजपाइपची परीटघडी

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. (यातला नमस्कार लगेच घ्यावा. विशेष काय ते पुढे येतंच आहे. विनंतीला जरा वेळ लागेल.) तुमचं पित्त ताळ्यावर असेल, घरच्या मंडळींचे गुडघे जिना चढू देत असतील आणि सहामाहीचे पेपर तपासून झाले असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, नापास मुलाच्या वहीत मारलेला शेरा. "नेमकं काय घडलं ते एका पानात मुद्देसूद कळवा. फोन करू नका. फोन वाजला की दादा उठून गच्चीवर जातो." खाली सही. मास्तर, एका पानात बसण्यासारखं असतं तर ते चौकशी अधिकाऱ्याने केव्हाच बसवलं असतं. तो सध्या एकोणचाळिसाव्या पानावर आहे.

तरी सुरुवात मुद्द्याने करतो. बावीस दिवसांपूर्वी तुमचे थोरले बंधू, म्हणजे माझे थोरले मेहुणे, म्हणजे माझ्या लॉन्ड्रीचे चौतीस वर्षांचे मुकादम, म्हणजे आपल्या सगळ्यांचे दादा, उजवा हात प्लास्टरमध्ये आणि डाव्या हातात पिशवी अशा थाटात तुमच्या दारात उभे राहिले. तुम्ही विचारलंत, काय झालं? ते म्हणाले, "आग लागली होती. विझली." यात एक अक्षर खोटं नाही. मात्र या दोन वाक्यांच्या मधे जे घडलं त्याचा अहवाल येत्या अठरा तारखेला पक्का होतोय, आणि आत्ता आहे तसाच पक्का झाला तर त्यात कायमचं लिहिलं जाईल की कारखान्यातले आग विझवायचे होजपाइप दादांच्या निष्काळजीपणामुळे ऐनवेळी निकामी ठरले. निष्काळजी, आणि तेही दादा. जो माणूस नाक पुसलेला रुमालसुद्धा काठाला काठ लावून खिशात ठेवतो, तो.

आता थोडा मागे जातो. (लाल पेन खाली ठेवा, मुद्दा सोडत नाहीये.) लोक म्हणतात, मी शून्यातून उभा राहिलो. दोन सत्कारांत हे वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं आणि दोन्ही वेळा मी मान खाली घालून, हार सांभाळत ते ऐकून घेतलं. खरं असं की त्यातलं शून्य तेवढं माझं होतं. उभं दादांनी केलं. एक खोली, कोळशाची एक इस्त्री, दारोदार गाठोडी आणणारा मी आणि घड्या घालणारे ते. चादर कशी धरायची, काठ कसे जुळवायचे, कोपरे कसे आत घ्यायचे, सगळं त्यांनी शिकवलं. घडी अशी पाहिजे की गिऱ्हाइकाने उघडताना कर्र असा आवाज आला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. परीटघडी हा शब्द लोक सहज वापरतात, मास्तर. आम्ही त्या शब्दावर घर बांधलं. आज सहा धुलाई यंत्रं आहेत, चार ड्रायर आहेत, बसएवढ्या लांबीचा इस्त्रीचा रोलर आहे आणि चाळीस माणसं आहेत. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, सगळं आमच्याकडून जातं. आणि मधल्या काळात तुमची ताई माझ्या घरी आली, तीही दादांनीच दिली. म्हणजे माझ्याकडे जे जे धडसं आहे ते एकाच माणसाच्या हातून आलंय, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मोठा कारखाना झाला की नियम येतात, आणि नियमांबरोबर भिंतीवर लाल पेट्या येतात. आमच्याकडे अशा चार आहेत. पेटीला काच, आत होजपाइप, त्याच्या दोन्ही टोकांना पितळी कपलिंग, शेजारी नोझल. पाइप बाहेरून जाड कापडाचा, आतून रबराचा. पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने एक कार्ड चिकटवलेलं असतं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात. ते कुणी वाचू नये अशीच छापणाऱ्याची इच्छा असावी. नऊ वर्षांपूर्वी तपासनीस आला. भला माणूस, ढेकर देऊन सही करणाऱ्यांपैकी. त्याने पेटी उघडली, पाइपवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मळलेत हो तुमचे पाइप."

मास्तर, डॉक्टरला कुणी 'आजारी दिसता' म्हटलं तर तो हसेल. वकिलाला 'खोटं बोलता' म्हटलं तर त्याला तो धंद्याचा भाग वाटेल. पण लॉन्ड्रीवाल्याला, त्याच्याच लॉन्ड्रीत, त्याच्याच चाळीस माणसांसमोर मळकं म्हणायचं? मला ते इतकं लागलं की तपासनीसाची पाठ वळायच्या आत मी हुकूम सोडला: चारही पाइप काढा, इस्पितळाच्या चादरींबरोबर घाला.

दादांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि ते कार्ड वाचलं. (जगात ते कार्ड वाचलेला हा एकमेव माणूस. त्याचंच नाव निष्काळजी म्हणून लागतंय.) म्हणाले, "पाहुणे, यावर लिहिलंय, गरम पाणी नको. सोडा नको. सावलीत लांब टांगून वाळवा." तुमची ताई माझ्या घरी आल्यापासून ते मला पाहुणेच म्हणतात. मी म्हटलं, "दादा, पंचवीस वर्षं धुतोय आपण. आता पाइप विकणारा आपल्याला धुवायला शिकवणार?" त्यांनी चष्मा परत कपाळावर सारला. म्हणाले, "मालक म्हणतात तसं." मला ते मालक फक्त पटलं नाही की म्हणतात. इतक्या वर्षांत सात-आठदा म्हणाले असतील. प्रत्येक वेळी मला ऐकू आलंय, आणि प्रत्येक वेळी मी ते मान म्हणून घेतलंय.

मग काय विचारता. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, डाग काढायचं औषध. मग ड्रायर. पितळी कपलिंग ड्रायरच्या पोटात अशी ढणढणायला लागली की शेजारच्या कारखान्यातून विचारायला माणूस आला. मग आम्ही कपलिंगांना पलंगपोस गुंडाळले. मग हलकीशी खळ. मग रोलर. त्या रोलरखालून जेव्हा पहिला पाइप बाहेर आला ना मास्तर, पांढराशुभ्र, सपाट, लग्नातल्या उपरण्यासारखा, तेव्हा रोलरवरच्या बायासुद्धा काम थांबवून बघत राहिल्या. दादांनी त्याच्या बरोबर सोळा घड्या घातल्या. पट्टीने मोजल्या असत्या तरी सुताचा फरक निघाला नसता. ज्याचं मन नव्हतं त्याने इतकं सुंदर काम केलं. मन असलेल्यांकडून मला कधी मिळालं नाही.

पुढच्या वर्षी तपासनीस आला तो पेटीसमोर उभाच राहिला. नियम असा आहे की पाइप उलगडायचा, पाणी सोडायचं, दाब धरतो का बघायचं. त्याने हात पुढे केला, मागे घेतला आणि म्हणाला, "ही घडी मोडायला जीव होत नाही हो." मी म्हटलं, मोडू नका. त्याने नाही मोडली. चहा घेतला आणि 'उत्तम' असा शेरा लिहून दिला. तो शेरा मी काचेत बसवून कॅबिनमध्ये लावला. असं आठ वर्षं चाललं. दर वर्षी तपासणीच्या आधी पाइप धुवायचे, रोलरखालून काढायचे आणि जुन्या रेघेवर रेघ आणून त्याच सोळा घड्या घालायच्या. आठ वर्षांत त्या पाइपांतून सगळं गेलं, सोडा गेला, खळ गेली, वाफ गेली. एक पाणी तेवढं गेलं नाही.

आता आग. बुधवार, सकाळचे साडेअकरा. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. कुठल्या यंत्राचं बेअरिंग कोरडं पडलंय हे मी कॅबिनमध्ये बसून सांगतो, आणि कोण माझ्याबद्दल काय बोलतंय तेही. तीन नंबरच्या ड्रायरचा आवाज बदलला. भरल्या पोटाचा होता, तो कोरड्या घशाचा झाला. मी उठेपर्यंत धूर. चादरींचा कापूस उडून ड्रायरच्या मागे साठतो, रोज झाडायचा असतो, तो तीन दिवस झाडलेला नव्हता (हेही अहवालात आहे, पान सात), त्याने पेट घेतला होता. दादांनी पेटीची काच चपलेने फोडली आणि पाइप ओढला. घड्या एकामागून एक उघडल्या. कर्र, कर्र, कर्र. सोळा वेळा. तुम्हाला खरं सांगतो, धुरात खोकत उभा असताना माझ्या मनात आलं, काय घडी होती. तो आवाज खळीचा नव्हता, मास्तर. आतलं रबर एकेका घडीला तडकत होतं.

दादा नोझल धरून पुढे गेले. वायरमनने व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण फिरवला. (तो हळूहळू उघडायचा असतो, पाणी पाइपात सावकाश भरू द्यायचं असतं. हे आता मला कळतं, वायरमनलाही कळतं, सगळ्यांना कळतं.) पाणी आलं. पहिल्या घडीपाशी त्याने बाहेर डोकावून पाहिलं, दुसऱ्या घडीपाशी तर बाहेरच पडलं. तिसरी, चौथी, पाचवी, प्रत्येक घडीला एक कारंजं. बागेत लावलं असतं तर लोक मुलंबाळं घेऊन बघायला आले असते. आणि शेवटी नोझलमधून, जिथे दादा आगीकडे तोंड करून पाय रोवून उभे होते, तिथून काहीच नाही. नुसती हवा आली. तिला आमच्या धुलाईचा वास होता, तो मंद, गिऱ्हाइकांना आवडतो तो.

दुसरा पाइप आणला. त्याचं आतलं रबर रोलरच्या उष्णतेने एकमेकाला चिकटून बसलेलं. पाण्याला वाटच नाही. मागून दाब वाढत गेला, पाइप कोंबड्याच्या मानेसारखा ताठ झाला, आणि आठ वर्षं ड्रायरमध्ये आपटून सैल झालेलं कपलिंग सुटलं ते दादांच्या मनगटावर. दोन हाडं. ते ओरडले नाहीत. नोझल डाव्या हातात घेतलं आणि म्हणाले, "तिसरा आणा." तिसरा आणायची कुणाची छाती झाली नाही.

आग कुणी विझवली, तर रोलरवरच्या बायांनी. धुलाई यंत्रांची तोंडं उघडून ओल्या चादरी ओढून काढल्या आणि चौघी चौघी चार कोपरे धरून आगीवर टाकत राहिल्या. शहाण्णव चादरी. कुणाला चटकासुद्धा लागला नाही. दोन ड्रायर गेले, पत्र्याचं निम्मं छप्पर गेलं आणि इस्पितळातल्या एका मजल्यावरची माणसं दोन दिवस बिनचादरीच्या गाद्यांवर पडून राहिली. बंब आला तोवर नुसता धूर उरला होता. त्यांचे पाइप मी पाहिले. मळके, ठिकठिकाणी ठिगळं लावलेले, कसेही गुंडाळलेले, आणि एका थेंबाची गळती नाही. त्यांच्यातल्या एकाने आमचा पाइप उचलला, नाकाशी नेला आणि जोडीदाराला म्हणाला, "अरे, याला इस्त्री केलीय." जोडीदार म्हणाला, "कशाला?"  हा प्रश्न नंतर मला बऱ्याच जणांनी बऱ्याच भाषांत विचारला, पण इतक्या साध्या शब्दांत कुणी विचारला नाही.

पाचव्या दिवशी चौकशी. अधिकारी हिरव्या शाईने लिहिणारा, म्हणून त्याचं नाव कामगारांनी हिरवी शाई ठेवलं. घड्या घालायच्या मोठ्या टेबलाशी त्याला बसवलं, भोवती आम्ही सगळे. त्याने कार्ड वाचून दाखवलं, पाइप उलगडून दाखवला, आणि पेन उघडून विचारलं, "हे पाइप गरम पाण्यात धुवून इस्त्री करायची कल्पना कुणाच्या डोक्यातली?" सगळ्यांनी दादांकडे पाहिलं, कारण लाल पेट्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

दादा म्हणाले, "माझ्या."

हिरव्या शाईने लिहून घेतलं. दादांनी डाव्या हाताने सही केली. मग ॲप्रन काढला, एका हाताने त्याची घडी घालता येईना तेव्हा हनुवटीखाली धरून घातली, टेबलावर ठेवली आणि किल्ल्या वर ठेवून निघून गेले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण दार तुम्ही उघडलंत.

तुम्ही विचाराल, मी गप्प का बसलो. माझ्याकडे उत्तरं आहेत, आणि चांगली आहेत. परवाना माझ्या नावाचा. तो गेला तर लॉन्ड्रीला कुलूप, चाळीस घरं उघड्यावर. दादांना काय, घरचा माणूस, दोन शब्द लिहिले गेले तर गेले. शिवाय नंतर एकट्यात सांभाळून घेता आलं असतं. ही सगळी उत्तरं मला दुसऱ्या दिवशी दाढी करताना सुचली. घड्याळाकडे बघताना एकही सुचलं नव्हतं.

त्यानंतर सरकारी हुकूम आला की कारखान्यातल्या सर्वांनी, मालकासकट, होजपाइपचा वापर आणि निगा यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. मला पहिल्या रांगेत बसवलं. प्रशिक्षक एक काटकुळा गृहस्थ, आवाज पिपाणीचा, पण त्याच्या धंद्यात पक्का. मास्तर, मला आता सगळं येतं. पाइप वापरून झाला की आधी उतारावर धरून त्यातलं पाणी काढायचं. मऊ ब्रश आणि साधं गार पाणी. फारच मळला असेल तर सौम्य साबण. उन्हात टाकायचा नाही. पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत ठेवायचा नाही, नाहीतर कापड आतून कुजतं. खडबडीत जमिनीवरून ओढायचा नाही, वरून गाडी न्यायची नाही. कपलिंगमधलं रबरी वॉशर तेलकट हातांनी धरायचं नाही. वर्षातून एकदा पाणी भरून दाब बघायचा, घडी कितीही देखणी असली तरी. आणि घडी, हे त्याने फळ्यावर खाली रेघ मारून लिहिलं, दर खेपेला वेगळ्या जागी घालायची. एकदा जिथे मोडली तिथे पुन्हा मोडायची नाही. मी वहीत उतरवून घेतलं. चौतीस वर्षं मी चाळीस माणसांना बरोबर याच्या उलटं शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. प्रश्न पहिला, 'होज कशाने धुवावा?' सगळा वर्ग माझ्याकडे बघून खाकरला. मला वीसपैकी अकरा पडले. रोलरवरच्या बायांना एकोणीस. त्यांतल्या एकीला मी विचारलं, एक मार्क कुठे गेला? ती म्हणाली, "'होजची जबाबदारी कुणाची' असा प्रश्न होता. मी मालकाची लिहिलं. ते म्हणाले, तुमच्याकडे मुकादमाची आहे, तसं कागदावर आलंय."

कॅबिनची भिंत फळ्यांची आहे आणि आगीत ती अर्धी गेली, त्यामुळे आता मला कान लावावाही लागत नाही. परवा दोघी चादरी मोजत बोलत होत्या.

"काय गं, त्या दिवशी मालकांच्या घड्याळात एवढं काय होतं बघण्यासारखं?"

"वेळ."

"कुणाची?"

"दादांची. भरली होती."

आणि दोघी मोजत राहिल्या, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. मी आतून खोकलो. त्या थांबल्या नाहीत. पूर्वी मी खोकलो की यंत्रंसुद्धा थांबत.

घरी तुमची ताई माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघून नाही. भिंतीला सांगते. "ज्यांना जेवायचं असेल त्यांनी वाढून घ्यावं." "ज्यांना घड्याळ लावून जायची सवय आहे त्यांचं घड्याळ फ्रिजवर आहे." माझ्या सदऱ्यांना तिने हात लावणं सोडलंय. मी स्वतः इस्त्री करायला घेतली तर म्हणते, "राहू द्या. हात लावाल तिथे तडा जातो." त्यामुळे आठ दिवस मी चुरगळलेल्या सदऱ्यात कामाला जातोय. गेटवरचा रखवालदार पूर्वी उठून उभा राहायचा. आता कॉलरकडे बघतो आणि मग उठतो.

असो. एका पानात लिहा म्हणालात, हे बारावं चालू आहे. मुद्देसूद झालंय की नाही ते तुम्ही ठरवा. चुका काढायला तुम्हाला मी सांगायला नको, आणि यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीला हिरवी शाई आधीच लागून गेली आहे. लहानांना आशीर्वाद. थोरांना नमस्कार. तुमच्याकडे सध्या थोर कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना माझा नमस्कार सांगायची घाई करू नका. चांगल्या वेळी, जेवण झाल्यावर सांगा.

आपला,
ताईचा नवरा
(दुसरं काही लिहायचं धाडस झालं नाही)

ता. क. – दादांचे तीन सदरे पार्सलने पाठवले आहेत. मी धुतले, गार पाण्यात. कॉलर जरा राहिली असेल.

दुसरा ता. क. – आता विनंती. परवा मी हिरव्या शाईच्या कचेरीत गेलो आणि जबाब दिला. हुकूम माझा होता, दादांनी कार्ड वाचून दाखवलं होतं, मी ऐकलं नाही, सगळं लिहून सही करून दिलं. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "एकाच चुकीवर दोघे हक्क सांगताहेत, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदा बघतोय." पण पहिला जबाब लेखी आहे. तो ज्याने दिला त्यानेच येऊन, 'मी खोटं बोललो' असं लिहून मागे घ्यायचा, तोही अठरा तारखेच्या आत. नाहीतर तो माझा जबाब नुसता फायलीला लावून टाकणार. दादा जन्मात एकदा खोटं बोलले आणि सरकारने नेमकं तेच खरं धरलं. मास्तर, त्यांना घेऊन या. मी सांगून ते येणार नाहीत. तुम्ही आजवर शेकडो मुलांना खरं बोलायला लावलंत, एका म्हाताऱ्याला 'मी खोटं बोललो' म्हणायला लावा.

आणि लपवून ठेवत नाही: जबाबामुळे माझा परवाना सहा महिने जाईल. त्या काळात लॉन्ड्री चालू ठेवायची तर जबाबदार माणूस म्हणून दुसऱ्याचं नाव द्यावं लागतं. मला दादांचंच द्यायचं आहे, आणि निष्काळजी ठरलेल्या माणसाचं नाव देता येत नाही. तुम्ही म्हणाल, बघा, पाहुण्यांचा स्वार्थ निघालाच. निघाला. चाळीस माणसांना पुढे केल्याशिवाय मला चांगुलपणा सुचत नाही, हे तुम्हाला आता कळलंच असेल.

तिसरा ता. क. – पत्र पाकिटात घालण्याआधी तुमच्या ताईने हातातून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग बावीस दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, "जबाब देऊन आलात, हे शेवटी का लिहिलंत?" मी म्हटलं, आधी लिहिलं असतं तर मास्तरांनी पुढचं वाचलं नसतं. ती म्हणाली, "त्या टेबलाशी आधी बोलला असता तर पुढचं लिहावंच लागलं नसतं." पत्र परत दिलं आणि आत गेली.

शेवटचा ता. क. – हा दादांना वाचून दाखवू नका. अधिकाऱ्याने प्रश्न विचारला आणि दादा 'माझ्या' म्हणाले, यांच्या मधे त्यांनी दोनदा श्वास घेतला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. दुसरा श्वास त्यांनी बोलायला घेतला. पहिला माझ्यासाठी होता, मी बोलावं म्हणून त्यांनी तो घेतला आणि धरून ठेवला. तो मला स्पष्ट ऐकू आला होता. जबाबाच्या छापील कागदावर हे लिहायला रकाना नव्हता, म्हणून इथे लिहिलं.